साठ मिनिटांचा राजपुत्र

मंडळी, नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईच्या कुठल्याही कॉम्प्युटरवाल्या ऑफिसात ज्यांनी उमेदवारी केली, त्यांच्यापुढे नुसतं ‘प्रिन्स’ म्हणून बघा. उजव्या हाताची बोटं आपोआप बाणांच्या कळांवर जातील आणि डावी करंगळी शिफ्टवर! आपल्या मंडळात पन्नाशी-साठी उलटलेले असे निदान डझनभर राजपुत्र आहेत. गणपतीच्या आरतीत झांजा वाजवताना त्यांच्याकडे पाहून कुणाला खरं वाटणार नाही, पण एके काळी या सगळ्यांनी तळघरातल्या अंधारकोठडीतून उड्या मारल्या आहेत, जमिनीतून उसळणाऱ्या खिळ्यांमधून एकेक पाऊल जपून टाकलं आहे, आणि साहेबांची चाहूल लागताच पडद्यावर क्षणात हिशोबाचा तक्ता आणला आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी (म्हणजे विशेषतः आमचे यजमान तेव्हा घरी उशिरा का येत होते असा प्रश्न अजून ज्यांना पडतो, त्या वहिनींसाठी) थोडक्यात सांगतो. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने जवळजवळ एकट्याने बनवलेला गेम. १९८९ मध्ये तो अ‍ॅपल टू या यंत्रासाठी निघाला. तेव्हा ते यंत्र म्हातारं होत आलेलं होतं, त्यामुळे सुरुवातीला खप बेताचाच. पुढे तो डॉसवर आला, इतर यंत्रांवर गेला आणि मग जगभर पसरला. आमच्या ऑफिसात तो कुणाच्या तरी खिशातून फ्लॉपीवर आला. तेव्हा सगळंच तसं यायचं.

गोष्ट साधी. सुलतान लढाईवर गेलेला. वजीर जाफर राजकन्येला कोंडून सांगतो, एका तासात माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. तिच्यावर प्रेम करणारा आपला नायक तळघरात कैद. त्याने बारा पातळ्या चढून वर यायचं आणि जाफरला हरवायचं. वेळ साठ मिनिटं. पडलात, भोसकलात, पात्यांमध्ये दोन तुकडे झालात, तरी ती पातळी पुन्हा सुरू करता येते, पण घड्याळ मागे जात नाही. तुम्ही चुकलात ती तीन मिनिटं गेली ती गेलीच.

त्या राजपुत्राचं चालणं-पळणं पाहून आम्ही वेडे झालो होतो. त्याआधीच्या गेममधली माणसं म्हणजे सरकणारी ठोकळ्यांची चित्रं. हा मात्र खरा पळायचा. कठड्याला लोंबकळला की त्याचं वजन आपल्या खांद्यांना जाणवायचं. त्याचं गुपित मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मेकनर यांनी १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून एका पार्किंग लॉटमध्ये पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि एकेक चौकट हाताने गिरवून संगणकात उतरवली. तलवारबाजीसाठी त्यांनी १९३८ च्या रॉबिन हूड चित्रपटातलं द्वंद्व वापरलं. आणि संगीत? ते त्यांच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी दिलं. ते पेशाने मानसशास्त्रज्ञ. लहानपणी नाझींच्या तावडीतून सुटून व्हिएन्नाहून निघालेले निर्वासित. म्हणजे पाहा, ज्याला आम्ही इराणचा राजपुत्र समजत होतो तो घरच्या घरी, बाप आणि दोन भावांनी मिळून उभा केलेला, आणि तेही देश सोडून आलेल्या एका कुटुंबाने!

आता माझ्या लेखाचा विषय. हा गेम एकच नाही, ती मालिका आहे. १९८९ पासून आजपर्यंत तिचे अनेक भाग निघाले आणि प्रत्येक मोठ्या भागात खेळण्याची रीतच बदलली. नाव तेच, राजपुत्र तोच (किंवा तसाच), पण खेळाचे नियम वेगळे. असं अनेक मालिकांत होतं. ‘झेल्डा’चा पहिला भाग वरून पाहायचा होता, १९८७ चा दुसरा भाग बाजूने पाहायचा निघाला. डावीकडून उजवीकडे धावणारा आपला मिशाळ मारिओ १९९६ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’मध्ये चौफेर धावू लागला. ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये आधी कॅमेरा सीसीटीव्हीसारखा कोपऱ्यात बसलेला असायचा, तो २००५ च्या चौथ्या भागात नायकाच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. दर वेळी जुने भक्त म्हणतात, छे, आता पूर्वीसारखं राहिलं नाही. आपल्या मंडळात दिवाळीला नाटक की ऑर्केस्ट्रा या विषयावर जी चर्चा होते, तशीच आणि तितकीच लांब!

बदल का होतात याची कारणं सरळ आहेत. यंत्र बदलतं, आणि जुन्या यंत्राला जे झेपत नव्हतं ते नव्या यंत्राला झेपतं. बनवणारे हात बदलतात. बाजारात दुसरं काही गाजलं की त्याची नक्कल करावीशी वाटते. खेळणारे मोठे होतात आणि मागून नवी पोरं येतात. कधीकधी तर अडचणीतूनच नवी युक्ती निघते. पहिल्या ‘प्रिन्स’मधली सावली आठवते? चौथ्या पातळीवर आरशातून उडी मारली की आपलंच प्रतिबिंब बाहेर पडतं आणि पळून जातं. पुढे ते आपल्या वाटची औषधाची बाटली पिऊन टाकतं, आपल्या तोंडावर दार बंद करतं. हे पात्र जन्माला आलं कारण यंत्राच्या मेमरीत नव्या माणसाच्या चित्रांना जागाच उरली नव्हती. मेकनर यांनी राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून त्याच्याच चित्रांवर चढवली आणि त्यातून झळाळणारा भूतासारखा जुळा भाऊ तयार झाला. शेवटी तो तलवार घेऊन समोर येतो. त्याला मारलं तर घाव आपल्यालाच लागतो. मग करायचं काय? तलवार म्यान करायची. तोही करतो. दोघं एकमेकांकडे चालत जातात आणि एक होतात. हे उत्तर आमच्या ऑफिसात एका शांत बसणाऱ्या अकाउंट्सच्या बाईंनी सांगितलं होतं. आम्ही इंजिनिअर पंधरा दिवस स्वतःलाच भोसकत होतो.

पण मला त्या सगळ्यात लक्षात राहिलं ते घड्याळ. मी तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा होतो आणि आमचं सगळंच तासावर चाललेलं होतं. व्हिसाचे कागद अमुक तारखेच्या आत, लग्न तिशीच्या आत, कोथरूडच्या फ्लॅटचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेच्या आत. १९९६ मध्ये आम्ही न्यू जर्सीला आलो, मी, सौ. आणि दोन वर्षांची लेक. इथेही तेच. एच-वनची सहा वर्षं, त्यात ग्रीन कार्डाचा अर्ज, त्यातून सुट्टी मिळाली तर भारतवारी. पडलात तर पुन्हा उठा, पण घड्याळ थांबणार नाही. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. गेमचे नियम आधीच सांगितलेले होते.

मधल्या काळात आमच्या राजपुत्राचं काही बरं चाललं नव्हतं. १९९३ चा दुसरा भाग पहिल्याच्याच वळणाचा होता, तो चालला. १९९९ मध्ये त्याला त्रिमितीत आणायचा पहिला प्रयत्न झाला आणि तो फसला. मग हक्क आणि कारागीर बदलले. कॅनडात माँट्रिआलला यूबीसॉफ्ट कंपनीच्या लोकांनी त्याला पुन्हा उभं केलं आणि गोष्ट लिहायला मेकनर यांनाच बोलावलं. नोव्हेंबर २००३ मध्ये ‘सँड्स ऑफ टाइम’ आला. माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची. तिच्या मैत्रिणीच्या मोठ्या भावाकडून तो उसना घेऊन ती बेसमेंटमध्ये बसली आणि मला हाक मारली, “बाबा, तुमचा तो प्रिन्स आलाय!”

मी खाली जाऊन बसलो. राजपुत्र आता भिंतींवरून धावत होता, खांबांवरून झेपावत होता, कॅमेरा त्याच्याभोवती फिरत होता. सुरुवातीलाच तो बापाच्या सैन्याबरोबर हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या राजवाड्यावर हल्ला करतो. फराह नावाची त्या महाराजाची मुलगी पुढे धनुष्य घेऊन त्याच्याबरोबर लढते. लेकीला ते फार आवडलं. मी तिला सांगितलं की आमच्या वेळची राजकन्या खोलीत वाळूच्या घड्याळाकडे बघत बसायची, फार तर मदतीला एक पांढरा उंदीर पाठवायची. ती म्हणाली, “दॅट्स सो बोअरिंग, बाबा.” मला काही उत्तर सुचलं नाही.

आणि मग राजपुत्र दरीत कोसळला. मी म्हटलं, संपलं. लेकीने एक बटण दाबून धरलं. राजपुत्र दरीतून उलटा वर आला, हवेतून उलटा तरंगत कठड्यावर जाऊन उभा राहिला. या नव्या भागात त्याच्याकडे एक खंजीर आहे, त्यात जादूची वाळू. ती वापरली की काळ काही सेकंद मागे जातो. वाळू बेताची असते, संपते, पुन्हा मिळवावी लागते. पण मागे जाता येतं! ज्या मालिकेचा पहिला नियमच ‘घड्याळ मागे जात नाही’ हा होता, तिचा नवा नियम बरोबर उलटा होता.

खेळण्यात यामुळे काय फरक पडतो तो पाहा. जुन्या गेममध्ये मी प्रत्येक उडीआधी थांबायचो, पावलं मोजायचो. लेक थांबतच नव्हती. ती आधी उडी मारायची आणि मग ठरवायची की ती उडी बरोबर होती का. मी तिला म्हणायचो, अगं जरा विचार कर. ती म्हणायची, का? आणि तिच्या गेममध्ये तिचं बरोबर होतं. आपल्याकडे बाप आणि मुलं यांच्यात जे वाद होतात त्यातले बरेचसे असेच असतात, असं मला आता वाटतं. दोघं आपापल्या भागाचे नियम सांगत असतात.

जानेवारी २००४ मध्ये पुण्याहून पहाटे तीन वाजता ताईचा फोन आला. फोन तीन वाजता वाजला की काय असतं ते आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे, लिहायला नको. दादा गेले. झोपेतच, काही आजार नाही, काही नाही. आदल्या रविवारीच माझ्याशी अर्धा तास बोलले होते. मिळेल ते पहिलं विमान घेतलं, वाटेत एक रात्र गेली, मुंबईहून टॅक्सीने पुणे. ताईने सगळं थांबवून ठेवलं होतं. मी पोचलो, दादांना पाहिलं, पुढचं सगळं केलं आणि तेरा दिवसांनी परतलो.

आल्यावर दोन-तीन दिवसांनी मी बेसमेंटमध्ये नुसताच बसलो होतो. लेक शेजारी येऊन बसली. खेळायचं यंत्र बंद होतं. तिने तो कंट्रोलर हातात घेतला आणि विचारलं, “बाबा, आजोबांसाठी किती वाळू लागली असती?”

मी तिला सांगितलं की एवढी वाळू कुणाकडेच नसते. तिने मान हलवली. मग तिनेच मला त्या गेमचा शेवट सांगितला, कारण तोवर तिने तो पुरा केला होता. शेवटी राजपुत्र सगळी गोष्टच मागे नेतो, युद्धाच्याही आधी. सगळे वाचतात, फराहसुद्धा. पण ती त्याला ओळखत नाही, कारण तिच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही. आठवतं ते फक्त त्याला. “मग तो तिला सगळी स्टोरी सांगतो,” लेक म्हणाली, “पण तिला ती नुसती स्टोरीच वाटते.” नऊ वर्षांच्या मुलीला त्यातलं किती कळलं असेल देव जाणे. मला मात्र तेव्हापासून हा भाग पहिल्यापेक्षा सोपा आहे असं कधी म्हणवलं नाही.

पुढचा भाग, २००४ चा, आमच्या घरी आला नाही. राजपुत्राला एकदम रागीट, रक्तबंबाळ केलेलं, पार्श्वसंगीतात कर्कश गिटार. मोठ्यांसाठीचा शिक्का होता म्हणून सौ.ने दारातूनच परत पाठवला. खुद्द मेकनर यांनाही ते वळण रुचलं नव्हतं. २००५ मध्ये तिसऱ्या भागात ती गोष्ट पुरी झाली. दरम्यान याच मालिकेसाठी चाललेल्या एका कल्पनेला इतके फाटे फुटले की तिची स्वतंत्र मालिकाच झाली. २००७ साली आलेली ‘असॅसिन्स क्रीड’ ती हीच. घरातल्या धाकट्याने वेगळं बिऱ्हाड करावं आणि थोरल्यापेक्षा मोठा बंगला बांधावा, तसं झालं!

डिसेंबर २००८ मध्ये राजपुत्राचा पुन्हा नवा जन्म झाला. नवी गोष्ट, जलरंगातल्यासारखी चित्रं आणि पुन्हा नवा नियम. या वेळी बरोबर एलिका नावाची मुलगी असते. राजपुत्र कुठूनही पडला तरी ती त्याचा हात धरते आणि त्याला शेवटच्या सुरक्षित जागी आणून ठेवते. लढाईतही शत्रू घाव घालणार एवढ्यात तीच वाचवते. रूढ अर्थाने या गेममध्ये मरताच येत नाही. यावर केवढा गदारोळ झाला! हा काय गेम आहे, यात हरायची भीतीच नाही, असं पुष्कळ जण म्हणाले. खरं म्हणजे जुन्या गेममध्येही आपण मेल्यावर पुन्हा पातळीच्या सुरुवातीलाच जात होतो. इथे मधला तो ‘तुम्ही मेलात’ म्हणणारा पडदा काढून त्या जागी एक हात ठेवला, एवढाच फरक. पण खेळणाऱ्याला तो फरक फार मोठा वाटतो. भीती गेली की काही लोकांना खेळातला अर्थच गेला असं वाटतं.

२००९ च्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आली. तिला बेसमेंट आवडायचं, थंड असायचं म्हणून. दुपारी ती जपमाळ घेऊन खुर्चीत बसायची आणि पंधरा वर्षांची नात समोर खेळायची. आई गेम बघायची म्हणजे मालिका बघितल्यासारखी बघायची. हा कोण, ती कोण, त्यांचं लग्न झालंय का, सगळी चौकशी! एकदा राजपुत्र लागोपाठ पाच-सहा वेळा एकाच ठिकाणी पडला आणि दर वेळी एलिकाने त्याला वर ओढलं. आई जपमाळ थांबवून म्हणाली, “ही मुलगी गुणाची आहे हो. एकदाही म्हणाली नाही, कितीदा पडतोस म्हणून.”

लेकीने ते वाक्य त्या दिवशी सगळ्या मैत्रिणींना फोन करून सांगितलं. गेमबद्दल छापून आलेलं बरंच काही मी वाचलं आहे, पण त्या भागाचं इतकं नेमकं परीक्षण कुणी केलेलं मला आढळलं नाही.

यानंतर राजपुत्राचा मुक्काम बरीच वर्षं अज्ञातवासातच होता. २०१० मध्ये एक भाग येऊन गेला आणि मग मोठं असं काही नाही. मधे २०१२ मध्ये एक गंमत घडली. मेकनर यांचे वडील घर आवरत होते, तेव्हा त्यांना कपाटाच्या तळाशी एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. त्यात पहिल्या गेमचा मूळ प्रोग्राम होता, जो हरवला असंच मुलाने धरून चाललेलं होतं. जाणकार लोकांनी एकत्र बसून त्या वाचून काढल्या आणि मेकनर यांनी तो सगळ्यांसाठी खुला केला. आईवडिलांच्या घरातल्या माळ्यावरचं काही टाकू नये म्हणतात ते खोटं नाही! पुढे त्यांनी आजोबा, वडील आणि स्वतः अशा तीन पिढ्यांच्या स्थलांतराची गोष्टही ‘रीप्ले’ नावाच्या चित्रकथेत सांगितली. इंग्रजीत ती २०२४ मध्ये आली. परदेशात संसार केलेल्या माणसांनी जरूर पाहावी.

त्याच २०२४ च्या जानेवारीत नवा भाग आला, ‘द लॉस्ट क्राउन’. फ्रान्समधल्या माँपेलिएच्या लोकांनी केलेला. आणि गंमत म्हणजे पस्तीस वर्षांनी गेम पुन्हा बाजूने पाहायचा, डावीकडून उजवीकडे धावायचा झाला! मला वाटलं, चला, आपला भाग परत आला. पण नाही. यातला नायक राजपुत्र नाहीच. तो सरगॉन नावाचा योद्धा, हरवलेल्या राजपुत्राला शोधायला काफ पर्वतावर गेलेला. तिथे काळाचीच घडी विस्कटलेली आहे. आणि वाट सरळ नाही. हा सगळा एकच प्रचंड नकाशा आहे. एखाद्या दारापाशी पोचावं तर ते आत्ता उघडत नाही, ते उघडायची शक्ती कुठेतरी दुसरीकडे, तासाभराने मिळणार. तोवर ते दार लक्षात ठेवायचं आणि परत यायचं.

लेक आता तीस वर्षांची, शिकागोला असते. तिने फोनवर मला या गेममधली एक सोय समजावून सांगितली. जिथे अडलो तिथे एक बटण दाबायचं, त्या जागेचा फोटो निघतो आणि नकाशावर त्या ठिकाणी टाचला जातो. पुढे नकाशा उघडला की दिसतं, इथे काय होतं आणि आपण का थांबलो होतो. “आधी असे गेम खेळताना मी वहीत लिहून ठेवायचे, बाबा. आता आठवण नकाशावरच राहते,” ती म्हणाली. असे फोटो मोजकेच काढता येतात, त्यामुळे कुठली जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे हे आपणच ठरवायचं.

मी हे ऐकत होतो आणि माझ्या मनात दुसरंच चाललेलं होतं. आईला २०२१ पासून विसरायला होऊ लागलं. आधी शब्द, मग वार, मग माणसं. ताई दोन गल्ल्या सोडून राहते, दिवसभराला एक बाई आहेत, औषधं चालू आहेत. पण चहाची पूड कुठल्या डब्यात आहे ते शोधत आई ओट्यासमोर उभी राहते आणि मग नुसतीच उभी राहते. ते व्हिडिओ कॉलवर इथून बघणं कठीण असतं.

डिसेंबर २०२४ मध्ये लेक आणि मी दोघंच पुण्याला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर ही पोरगी स्वयंपाकघरात फोनने कपाटांचे फोटो काढत होती. दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानातून ते छापून आणले आणि प्रत्येक कपाटाच्या दारावर आतल्या सामानाचा फोटो चिकटवला. न्हाणीघराच्या दारावर न्हाणीघराचा. फोनच्या वर ताईचा, माझा, सौ.चा आणि स्वतःचा. प्रत्येकाखाली मराठीत नाव आणि नातं. आपल्या मंडळाच्या रविवारच्या शाळेत शिकलेलं मराठी, ‘ळ’ अजूनही जरा उताणा पडतो, पण वाचता येतो. मी विचारलं, हे कुठून सुचलं? म्हणाली, “नकाशावर टाचतेय.”

फार मोठा चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. काही फोटोंकडे आई बघतही नाही. पण चौथ्या दिवशी तिने ओट्यावरचं दार बघितलं, उघडलं, चहाची पूड काढली आणि सगळ्यांसाठी चहा केला. साखर दोनदा पडली होती. आम्ही सगळ्यांनी दोन-दोन कप घेतला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती फोनजवळच्या फोटोंपुढे उभी होती. माझ्या फोटोवर बोट ठेवून तिने दादांचं नाव घेतलं. ताईकडे पाहून नुसतीच हसली. मग लेकीच्या फोटोपाशी आली. खालचं नाव तिने वाचलं नाही. मागे वळून माझ्या लेकीचा हात धरला आणि म्हणाली, “ही ती. वर ओढणारी.”

लेकीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती गच्चीत गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

मंडळी, या मालिकेतला खरा ‘प्रिन्स’ कुठला, यावर आम्हा बापलेकीत अजून वाद आहे. ती २००३ चा म्हणते, मी १९८९ चा. नव्या पोरांना विचारलं तर ती २०२४ चा म्हणतील आणि त्यांचंही चूक नाही. प्रत्येकाला आपण ज्या वयात खेळलो तो भाग खरा वाटतो. पण पस्तीस वर्षांत रीत इतकी बदलूनही सगळे भाग एकाच प्रश्नाभोवती फिरतात असं मला दिसतं. हातात वेळ थोडा आहे, तर काय करायचं? पहिल्याने सांगितलं, पळ. दुसऱ्याने सांगितलं, मागे जाऊन बघ, पण जे आठवेल ते तुला एकट्यालाच आठवेल. एकाने सांगितलं, कुणाचा तरी हात धर. आणि या शेवटच्याने सांगितलं, जिथे अडलास ती जागा लक्षात ठेव आणि परत ये.

मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. मेडिकेअर पासष्टीला, आणि ते साधारणपणे भारतात चालत नाही. घराचं कर्ज अजून चार वर्षांचं आहे. निवृत्त होऊन पुण्याला जावं तर इथला विमा सुटतो, नाही जावं तर आई सुटते. हे गणित आपल्यापैकी कितीजण रात्री झोपताना मांडतात ते मला माहीत आहे, कारण मंडळाच्या प्रत्येक जेवणात श्रीखंड वाढता वाढता आपण हेच तर बोलतो. सगळं सुटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. ऑफिसशी बोलून वर्षातले तीन महिने पुण्याहून काम करायची परवानगी मिळवली आहे. रात्री साडेसातला तिथे लॅपटॉप उघडायचा, म्हणजे दिवस आईसाठी मोकळा. सौ. पहिला महिना बरोबर आहे, मधे लेक दोन आठवडे येईल. ताईला जरा श्वास घेता येईल.

येत्या नोव्हेंबरचं तिकीट काढलं आहे. या खेपेला लेकीने फोटोंची नवी यादी दिली आहे, देवघर आणि जिना राहिला होता म्हणाली. आणि ज्यांच्या माळ्यावर जुन्या फ्लॉपी असतील त्यांनी एकदा खोकं उघडून बघा. कदाचित आपल्यापैकी कुणाकडे तो राजपुत्र अजून उड्या मारायला तयार असेल.